अनवरोधी कॅशे

अनवरोधी कॅशे ही प्रोसेसरमधील अशी कॅशे स्मृती होय, जी एखादी माहिती मुख्य स्मृतीतून येण्याची प्रतीक्षा चालू असतानाही पुढील विनंत्या स्वीकारत राहते. आधुनिक प्रोसेसरांच्या वेगात या रचनेचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी

मुख्य स्मृती प्रोसेसरच्या तुलनेत संथ असते. त्यामुळे वारंवार लागणारी माहिती लहान पण जलद स्मृतीत ठेवण्याची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडली. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टम/३६० मॉडेल ८५ या संगणकात कॅशेचा वापर करण्यात आला.

मागितलेली माहिती कॅशेत सापडल्यास त्यास 'हिट' व न सापडल्यास 'मिस' म्हणतात. समजा, हिटसाठी १ नॅनोसेकंद लागतो, मिस झाल्यास आणखी १०० नॅनोसेकंद लागतात आणि ५ टक्के विनंत्या मिस होतात. तेव्हा सरासरी वेळ १ + (०.०५ × १००) = ६ नॅनोसेकंद, म्हणजे हिटच्या सहापट होतो.

कार्यपद्धती

साध्या कॅशेत एक मिस होताच पुढील सर्व विनंत्या खोळंबतात. हा खोळंबा टाळण्यासाठी डेव्हिड क्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये 'मिस स्टेटस होल्डिंग रजिस्टर' ही योजना सुचवली. प्रलंबित ब्लॉकचा पत्ता आणि आलेली माहिती कोठे पोहोचवायची, याची नोंद या रजिस्टरात असते.

* ब्लॉक आधीच मागवलेला नसल्यास नवी नोंद होऊन मुख्य स्मृतीकडे विनंती जाते (प्राथमिक मिस).
* तोच ब्लॉक प्रलंबित असल्यास नवी विनंती जुन्या नोंदीस जोडली जाते (दुय्यम मिस).
* सर्व रजिस्टरे भरल्यास नव्या मिसला थांबावे लागते.

ब्लॉक येताच त्याच्याशी जोडलेल्या सर्व विनंत्या पूर्ण होऊन रजिस्टर मोकळे होते. ६४ बाइटच्या ब्लॉकमध्ये ४ बाइटच्या १६ संख्या मावतात. त्या सर्व लागोपाठ मागितल्या तरी मुख्य स्मृतीकडे एकच विनंती पुरते.

क्रमाचा प्रश्न

या पद्धतीत नंतरची विनंती आधी पूर्ण होऊ शकते. अनेक प्रोसेसर सामायिक स्मृती वापरत असतील, तर त्यांना बदल वेगवेगळ्या क्रमाने दिसून चुकीचे उत्तर मिळण्याचा धोका असतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या माजी विद्यार्थिनी सरिता अडवे यांनी मार्क हिल यांच्यासह १९९० मध्ये यावर उपाय मांडला. प्रोग्रामरने समक्रमणाच्या जागा स्पष्ट दर्शवल्यास, विनंत्या एकामागून एक पार पडल्यासारखेच उत्तर देण्याची हमी यंत्रणा देते. जावा व सी प्लस प्लस या भाषांची स्मृती-प्रतिमाने याच विचारावर उभी आहेत.