लिंबाच्या बाटलीतला कडुलिंब

तलासरी तालुक्याची हद्द गुजरातला लागून आहे. इथे मराठी आणि गुजराती एकमेकींच्या अंगणात वाढतात. मराठीत कडू झाड ‘लिंब’ आणि आंबट फळ ‘लिंबू’. गुजरातीत ‘लीमडो’ आणि ‘लींबु’. हिंदीत हीच जोडी ‘नीम’ आणि ‘नींबू’ होते. एकाचा न, तर दुसऱ्याचाही न. एकाचा ल, तर दुसऱ्याचाही ल. एक झाड कडू, दुसरं आंबट, तरी नावं सख्ख्या भावंडांसारखी का? याचा सगळ्यात बोलका पुरावा सापडतो तो टिकवलेल्या लिंबूरसाच्या बाटलीत.

हॉटेलच्या मुदपाकखान्यात आणि स्क्वॅशच्या कारखान्यात रस काढून ठेवणारे एक दुखणं चांगलं ओळखतात: पिळल्यावर लख्ख आंबट लागणारा रस काही तासांनी कडवट होऊ लागतो. फळाच्या गरात आणि सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक बेचव द्रव्य असतं. फळ अखंड असेपर्यंत ते गप्प बसतं. पिळताना पेशी फुटतात, ते आम्लात मिसळतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. उष्णतेनं हा बदल आणखी वेगानं होतो. लिमोनिन 1841 मध्ये लिंबूवर्गीय फळांच्या बियांतून वेगळं काढलं गेलं, आणि त्यावरूनच अशा कडू द्रव्यांच्या अख्ख्या घराण्याला लिमोनॉइड हे नाव पडलं. या घराण्यातला दुसरा मोठा वाडा कडुलिंबाचा! सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी 1942 मध्ये कडुलिंबाच्या तेलातून वेगळं केलेलं निंबिन हे लिमोनॉइडच, आणि कीड पळवणारं ॲझाडिरॅक्टिनही. लिमोनिन आणि निंबिन: रसायनशास्त्रात मात्र एकाचं नाव ल नं सुरू होतं, दुसऱ्याचं न नं.

रस टिकवण्याचा बाकीचा इतिहास ओळखीचा आहे. मिठात मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यात फळाचा स्वतःचा रसच राखणदार असतो. जेम्स लिंड यांनी 1747 मध्ये खलाशांच्या स्कर्व्हीवर लिंबं-संत्री देऊन पाहिली. पुढे त्यांनीच सुचवलेला आटवलेला रस मात्र उष्णतेनं निःसत्त्व होई. त्या आटवलेल्या रसाचं इंग्रजी नाव ‘रॉब’, मूळ अरबी ‘रुब्ब’. इराणी स्वयंपाकात डाळिंबाचा घट्ट रस आजही ‘रोब’च आहे. लॉकलन रोज यांनी 1867 मध्ये दारू न घालता लिंबूरस टिकवण्याचं पेटंट घेतलं. भारतात 1955 च्या फळउत्पादन आदेशानं स्क्वॅशमध्ये किमान 25 टक्के रस असावा असं ठरवलं.

खरा वाद शब्दाचा आहे. डहाणू, घोलवड, बोर्डीकडे इराण्यांच्या चिकूवाड्या आहेत, बहारोटच्या गुहांमध्ये पारशांनी पवित्र अग्नी जपला, आणि त्यांचं संजाण हद्दीपलीकडे लगेच आहे. फारसीत लिंबाला ‘लीमू’ म्हणतात. तेव्हा आपल्या ‘लिंबू’तला ल फारसीनं दिला, असं मानायचा मोह या भागात सहज होतो. पण मग ‘लिंब’ला ल कुणी दिला? कडुलिंबाच्या कुळातल्या बकाणाचं फारसी नाव अगदी वेगळं आहे: ‘आझाद दरख्त’. त्यातूनच कडुलिंबाचं शास्त्रीय नाव ॲझाडिरॅक्टा आलं. शिवाय शब्दाच्या आरंभीच्या न चा ल करायला मराठीला परक्याची मदत लागत नाही. ‘नवनीत’चं तिनं ‘लोणी’ केलंच आहे.

‘लिंबू’तला ल मराठीचा स्वतःचाच, या मताला खरी टक्कर पूर्वेकडून मिळते. बंगालीत ‘निम’ आणि ‘लेबू’, ओडियात ‘निंब’ आणि ‘लेंबू’. तिथे न-ल ची जोडी फुटते, ल फक्त आंबट फळाकडे राहतो. मलयमध्ये त्याच फळाला ‘लिमाऊ’ म्हणतात, म्हणून मूळ शब्द आग्नेय आशियातला आणि ल चाच, असं मानणारे पुष्कळ आहेत. ते मान्य केलं तरी एक प्रश्न उरतो: संस्कृतात ‘निंबूक’ असा न कुठून आला? ‘जंबीर’ आणि ‘मातुलुंग’ (आपलं महाळुंग) यांच्यापेक्षा हा शब्द तिथे उशिरा दिसतो. तोवर ‘निंब’ घरचा झाला होता. पाहुण्या शब्दावर घरच्या झाडाची सावली पडली, असंच म्हणावं लागतं. ज्यांनी बी चावली, रस शिळा होऊ दिला, त्यांच्या जिभेला ही सोयरीक पटली असणार. पुढे मराठीनं दोघांना मिळून ल दिला, पण वाटणी पुरी केली नाही: लिंबाचं झाड ‘निंबोणी’ राहिलं आणि कडुलिंबाचं फळ ‘लिंबोळी’ झालं. अंगाईतली निंबोणी नेमकी कोणती, यावर घरोघरी दोन मतं पडतात ती याचमुळे.

बाटली भरणाऱ्याला मात्र दोन्ही झाडं वेगळीच ठेवावी लागतात. लिंबू फार दाबायचं नाही, बी चिरडू द्यायची नाही, रस लगेच गाळायचा, पाक गार झाल्याशिवाय त्यात घालायचा नाही. मग थोड्या पाण्यात विरघळवलेलं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, किलोला पाऊण ग्रॅमच्या आत. त्यातला गंधकाचा वायू बुरशी आणि आंबण थोपवतो, रंगही राखतो. एकदा तयार झालेलं लिमोनिन मात्र तो काढू शकत नाही. म्हणून सगळी भिस्त गाळणीवर, आणि गाळणीत उरलेल्या बिया तिथून लवकर उचलण्यावर.