लिखित आज्ञा आणि यंत्रांची शिस्त

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी वसली. तिच्यांतील बराकी लष्करी शिरस्त्याप्रमाणें ओळीनें उभ्या होत्या व प्रत्येकीस क्रमांक होता. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस याच बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें वसाहतीची कोनशिला बसविली गेली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. पुढें संसार वाढले. कोणीं आडभिंत घातली, कोणीं नवें दार पाडलें, कोणीं पडवींत दुकान मांडलें, कोणीं मजला चढविला. बराकीचा क्रमांक पत्त्यावर तसाच राहिला. क्रमांकामागील घर मात्र मूळचें राहिलें नाहीं. कागदावरील शहर व जमिनीवरील शहर यांत अखेर एवढें अंतर पडलें कीं, अनधिकृत बांधकामें नियमित करण्याकरितां राज्य सरकारास 2006 सालीं या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला.

घरांच्या बाबतींत असा बदल ही नांदत्या संसाराची खूण आहे. परंतु हीच गोष्ट मोठ्या संस्थांच्या संगणकांत घडते, तेव्हां तिचे परिणाम फार निराळे होतात. बँक, रेल्वे अथवा विमा कंपनी यांचा कारभार शेंकडों सर्व्हरांवर चालतो. प्रत्येक सर्व्हरवरील सॉफ्टवेअरनें माहितीचा सांठा कोठें शोधावा, कोणास आंत घ्यावें, कोणास परत पाठवावें, उत्तराची वाट किती वेळ पाहावी, हें सारें एका लहानशा लेखी मजकुरांत नमूद असतें. त्या मजकुरास कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. सॉफ्टवेअर निर्दोष असूनही या फाइलींतील एक अक्षर चुकल्यास सारें काम अडतें. हे सर्व्हर आरंभीं एकसारखे असतात. पुढें एखाद्या रात्रीं अडचण येते, कोणी जाणता मनुष्य एका सर्व्हरवर हातानें दुरुस्ती करतो, आणि ती टिपून ठेवण्याचें राहून जातें. अशा दहा दुरुस्त्या झाल्या म्हणजे कोणता सर्व्हर कोणत्या स्थितींत आहे, हें कोणासच सांगतां येत नाहीं.

लेखी नियमानें कारभार बांधून घेण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. शिवछत्रपतींनीं 1674 सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं अष्टप्रधानांचीं कामें कानुजाबत्यानें ठरवून दिलीं. गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तीन अधिकारी नेमून सारा गड एकाच्या हातीं जाऊं दिला नाहीं. लेखी नियम आणि दुसऱ्याची नजर, या दोन गोष्टींवर त्या व्यवस्थेची मदार होती. संगणकाच्या जगास याच दोन गोष्टी निराळ्या वाटेनें शिकाव्या लागल्या.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें 1950 नंतरच्या दशकांत शस्त्रास्त्रांच्या प्रत्येक सुट्या भागाची व त्यांतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याची पद्धति घालून दिली. संगणकांत ती उतरली तेव्हां प्रथम प्रश्न आला नोंदवहीचा. 1972 सालीं बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकिंड यांनीं मजकुराचीं जुनीं रूपें जपून ठेवणारें एक साधन रचलें. 1976 सालीं त्याच प्रयोगशाळेंतील स्टुअर्ट फेल्डमन यांनीं ‘मेक’ नांवाचा प्रोग्राम लिहिला. त्यामागील हकीकत मौजेची आहे. त्यांचे एक सहकारी सारी सकाळ एका प्रोग्राममधील चूक शोधीत बसले होते. चूक केव्हांच सुधारलेली होती. सुधारलेला भाग यंत्राकडून पुन्हा तयार करून घेण्याचें तेवढें राहिलें होतें. हें विसरण्याचें काम मनुष्याकडे नको, या विचारांतून ‘मेक’ जन्मास आला.

खरी कलाटणी मिळाली 1993 सालीं. मार्क बर्जेस हे भौतिकशास्त्राचे अभ्यासक ऑस्लो विद्यापीठांत निरनिराळ्या जातींचे संगणक संभाळीत होते. प्रत्येक जातीसाठीं निराळी आज्ञावली लिहून कंटाळल्यावर त्यांनीं सीएफएंजिन हें साधन तयार केलें. त्यांतील युक्ति पाण्याच्या रांजणावरून सहज ध्यानांत येईल. गड्यास ‘दोन घागरी पाणी ओत’ असें सांगितलें, तर रांजण भरलेला असतांही तो दोन घागरी ओतील आणि पाणी अंगणांत वाहील. ‘रांजण काठोकाठ भरलेला असावा’ असें सांगितलें, तर तो आधीं आंत पाहील, उणें असेल तेवढेंच भरील, आणि उणें नसेल तर स्वस्थ बसेल. बर्जेस यांनीं यंत्रास अशीच आज्ञा दिली: कृति सांगितली नाहीं, इष्ट स्थिति सांगितली. यंत्र ठराविक वेळानें लेखाशीं स्वतःची तुलना करतें व अंतर पडलें असल्यास तेवढेंच भरून काढतें. 2005 सालीं ल्यूक कॅनिस यांचें पपेट, 2009 सालीं शेफ व 2012 सालीं मायकेल डिहान यांचें ॲन्सिबल याच विचाराच्या वाटेनें आलें.

हें सारें केवळ सोयीसाठीं आहे, असें ज्यास वाटत असेल त्यानें 1 ऑगस्ट 2012 चा दिवस आठवावा. नाइट कॅपिटल ही अमेरिकेंतील शेअरांचे व्यवहार करणारी मोठी पेढी होती. तिनें आपल्या आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली हातानें चढविली. पैकीं एक सर्व्हर राहून गेला. नव्या आज्ञावलीनें एक जुनीच खूण नव्या अर्थानें वापरली होती. ती खूण दिसतांच आठव्या सर्व्हरवर निजलेला जुना प्रोग्राम जागा झाला आणि बेसुमार खरेदीविक्री करीत सुटला. गोंधळांत कामगारांनीं उरलेल्या सात सर्व्हरांवरून बरोबर असलेली नवी आज्ञावली काढली, तेव्हां तेही बिघडले. 45 मिनिटांत 40 लाखांहून अधिक सौदे झाले व 46 कोटी डॉलरांवर नुकसान झालें. बाजार उघडण्यापूर्वींच संगणकानें धोक्याचे 97 संदेश धाडले होते. त्यांकडे कोणीं पाहिलें नाहीं. काम दुसऱ्यानें तपासावें असा लेखी नियमही पेढींत नव्हता, असें सरकारी चौकशींत आढळलें. पुढील वर्षीं ती पेढी दुसऱ्या कंपनींत विलीन झाली.

यावरून सर्व भार यंत्रावर टाकावा, असाही निष्कर्ष कोणी काढूं नये. 4 ऑक्टोबर 2021 रोजीं फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम सुमारें सहा तास साऱ्या जगांत बंद पडलीं. देखभालीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें कंपनीच्या माहितीकेंद्रांस जोडणारे दुवे एकदम तुटले. असली आज्ञा अडविण्याकरितां जो तपासणीचा प्रोग्राम ठेवला होता, त्यांतच दोष होता. हाताची चूक एका सर्व्हरवर होते. यंत्राच्या द्वारें दिलेली चुकीची आज्ञा क्षणांत सर्वत्र पोंचते.

म्हणून ज्या ठिकाणीं हें काम नीट चालतें, तेथें लेखावर हात फिरण्यापूर्वीं दुसरा मनुष्य तो वाचतो. बदल प्रथम एका सर्व्हरवर करून पाहतात. कोणीं, केव्हां व कां बदल केला याची नोंद राहते. आणि मागें फिरण्यासाठीं जुना लेख जपलेला असतो. श्रम यंत्र करतें, जबाबदारी मनुष्याकडेच राहते. निवृत्तिवेतनाची वाट पाहणारा वृद्ध असो कीं तिकिटाच्या खिडकीशीं उभा प्रवासी असो, त्याचें काम अशा न दिसणाऱ्या फाइलींवर अवलंबून असतें. बराकीच्या क्रमांकावरून घर सांपडतें, आंत काय पालटलें तें कळत नाहीं. तें कळण्यास लेख हवा, आणि तो लेख खरा आहे कीं नाहीं हें आंत जाऊन वारंवार पाहणारा कोणीतरी हवा.