कळफलक आणि माऊस : हाताजोगी जुळवणी

संगणकाचा कळफलक आणि माऊस वापरणाऱ्याच्या हाताला, भाषेला आणि रोजच्या कामाला सोयीचे करून घेणे, याला जुळवणी म्हणतात. तिचे तीन भाग पडतात. कोणती कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटेल, ही मांडणी. कळ आणि माऊस किती वेगाने दाद देतील, ही सेटिंग. आणि तिसरा भाग म्हणजे उपकरणाचा आकार आणि टेबलावरची त्याची जागा. पहिल्या दोन भागांना एक रुपयाही लागत नाही, आणि मराठीत काम करणाऱ्याचा सर्वांत मोठा लाभ पहिल्याच भागात आहे.

तालुक्याचे काम : बीड जिल्ह्यातले पाटोदा हे बालाघाटच्या डोंगररांगेतले तालुक्याचे गाव. अशा गावी संगणकावरचे मोठे काम म्हणजे अर्ज आणि दाखले : सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पीकविमा. २०२३च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, तेव्हा सेवा केंद्रांवरचा अर्जांचा ओघ आणखी वाढला. अशा कामात नाव एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजीत लिहायचे, मग गट नंबर, बारा अंकी आधार क्रमांक, बँकेचे खाते. रांग दारापर्यंत असते आणि ऑपरेटरचा हात तासन्‌तास कळफलक आणि माऊस यांच्यात फिरत राहतो. जुळवणीची खरी गरज इथे आहे.

मांडणीचा इतिहास : कळफलकावरची ‘क्वर्टी’ ही इंग्रजी मांडणी अमेरिकेतल्या क्रिस्तोफर शोल्स यांच्या टंकलेखन यंत्राबरोबर १८७०च्या दशकात बाजारात आली. ते यंत्र रेमिंग्टन कंपनीने बनवले. बोटांची धावपळ कमी व्हावी म्हणून ऑगस्ट ड्वोरॅक यांनी १९३६ मध्ये वेगळ्या मांडणीचे पेटंट घेतले, पण जगाची सवय बदलली नाही. देवनागरी टंकलेखन यंत्रे आली ती रेमिंग्टन यंत्राच्याच साच्यात. त्यांच्यावरून आलेल्या मांडणीला आजही ‘रेमिंग्टन’ म्हणतात. तिच्यात अक्षर जसे कागदावर दिसते तसे उमटवायचे असते : अर्ध्या अक्षरांच्या वेगळ्या कळा, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी.

महाराष्ट्रात टायपिंगची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचे प्रमाणपत्र मागितले जाते. त्यामुळे तालुक्यातालुक्यांत टायपिंगचे वर्ग चालले आणि अनेकांचा हात यंत्राच्या वळणावर बसला. असा बसलेला हात केवळ नवे आले म्हणून मोडू नये. संगणकावरच्या युनिकोड या प्रमाण लिपिसंकेतात लिहितानाही रेमिंग्टन मांडणी वापरता येते.

इनस्क्रिप्ट : नव्याने शिकणाऱ्यासाठी मात्र ‘इनस्क्रिप्ट’ ही मांडणी अधिक सोपी आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये प्रमाण ठरवली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात तिचा समावेश झाला. तिचे सूत्र बाराखडीचे आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क, ग, द, त साध्या कळेवर. ख, घ, ध, थ त्याच कळेवर शिफ्टसह. वेलांटी व्यंजनानंतर द्यायची, उच्चाराच्या क्रमाने.

‘पाटोदा’ हे नाव इनस्क्रिप्टमध्ये सहा कळांत लिहून होते, शिफ्टची गरजच पडत नाही. प उजव्या हाताने, काना डाव्या. ट उजव्या, ओकार डाव्या. द उजव्या, काना डाव्या. टिपऱ्यांच्या ठेक्यासारखे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. ‘बीड’ लिहितानाही तेच घडते. पण म, न आणि व ही अक्षरे खालच्या ओळीत डावीकडे आहेत. त्यामुळे ‘मांजरा’ हे नदीचे नाव लिहिताना म, काना आणि अनुस्वार या तिन्ही कळा एकटा डावा हात दाबतो. मराठीला लागणारा ळ शिफ्टसह एनच्या कळेवर, तर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ शिफ्टसह जेच्या कळेवर मिळतो.

तिसरा मार्ग रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याचा. ‘गमभन’सारख्या साधनांमुळे तो घरोघरी पोचला. शिकायला काही लागत नाही, पण ‘घर’ या शब्दाला इनस्क्रिप्टमध्ये जिथे शिफ्टसह दोन कळा पुरतात, तिथे रोमनमध्ये चार अक्षरे लागतात. अधूनमधून लिहिणाऱ्याला हे चालते. दिवसभर लिहिणाऱ्याच्या बोटांवर तो भार साठत जातो.

सेटिंग : ख, घ यांसारखी महाप्राण अक्षरे आणि स्वतंत्र स्वर यांमुळे इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट वारंवार दाबावी लागते आणि करंगळी थकते. विंडोजमधली ‘स्टिकी कीज’ ही सोय चालू केली की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. आधी शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचे. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी तर ही सोय मोलाची आहे. कळ थोडी जास्त वेळ दाबली जाऊन अक्षर दोनदोनदा उमटत असेल, तर ‘रिपीट डिले’ वाढवावा. मराठी-इंग्रजी बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार पुरतो. क्वचितच लागणाऱ्या कॅप्स लॉकला पॉवरटॉइज या मोफत प्रोग्रॅमने दुसरे काम देता येते.

माऊस : डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस १९६४च्या सुमारास लाकडी खोक्यात बनवला, ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जगाला दाखवला. जुळवणीत पहिले पाहायचे ते बाणाचा वेग. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाताना माऊस उचलून पुन्हा ठेवावा लागत असेल, तर वेग कमी आहे. बाण बटणावर थांबत नसेल, तर जास्त आहे. डबल क्लिक जमत नसलेल्यासाठी त्याची गती कमी करता येते. ओढून नेताना बोट दुखत असेल, तर ‘क्लिकलॉक’ चालू करावे. बटण धरून ठेवायची गरज उरत नाही. डावखुऱ्यांसाठी डावे-उजवे बटण बदलता येते.

मनगट आणि जागा : मनगटातल्या अरुंद बोगद्यातून मध्यिका चेता आणि बोटे वळवणाऱ्या नऊ कंडरा जातात. मनगट वर वाकले की त्या बोगद्यातला दाब वाढतो. म्हणून कळफलकाचे मागचे पाय मिटलेलेच बरे. कोपर साधारण काटकोनात असावे आणि मनगट सरळ. टेबल उंच असेल तर खुर्ची उंच करावी आणि पायाखाली पाट घ्यावा.

अंकांचा भाग असलेला पूर्ण कळफलक सुमारे ४५ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणून उजव्या हाताचा माऊस लांब जातो आणि खांदा भरून येतो. अर्ज भरणाऱ्याला अंकांचा भाग सोडता येत नाही. त्याने माऊस डाव्या हाताला घेऊन पाहावा, किंवा अंकांचा भाग नसलेला कळफलक घेऊन वेगळा यूएसबी अंकफलक जोडावा. हाताची आडवी पकड दुखत असेल तर उभ्या पकडीचा माऊस मिळतो. दुभंगलेले कळफलकही आहेत. मायक्रोसॉफ्टचा ‘नॅचरल’ १९९४ मध्ये आला. असे कळफलक महाग असल्याने मांडणी, सेटिंग आणि जागा या तिन्हींनी भागले नाही तरच त्यांचा विचार करावा.

सामायिक संगणक : सेवा केंद्रात किंवा टायपिंगच्या वर्गात एकाच संगणकावर अनेक जण बसतात. प्रत्येकासाठी विंडोजमध्ये वेगळे खाते उघडले की भाषेची मांडणी, स्टिकी कीज, बाणाचा वेग आणि बटणांची अदलाबदल ज्याची त्याच्या खात्यात राहते. खुर्चीची उंची आणि माऊसची जागा मात्र बसणाऱ्याने दर वेळी लावून घ्यावी लागते.