तेलाची पट्टी

परवा भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामा, गाडी पेट्रोल प्यायला लागलीय. बहुतेक पंपावर मापात मारतात." गाडी तेरा वर्षांची. मी विचारलं, इंजिन ऑइलची पट्टी बघितलीस का? तर म्हणे, पेट्रोल जातंय, तेलाचा काय संबंध?

संबंध आहे बाबा. आपल्या घराला तो चांगलाच महागात पडलाय. नव्या पिढीला ही गोष्ट ठाऊक नसणार, म्हणून लिहून ठेवतो.

साल १९८०. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं (आपला जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला). आबांचा मिरचीचा व्यापार आणि दारात सेकंडहँड फियाट ११००. आज गाडी जुनी झाली की बदलतात. तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी फियाट मिळवायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. त्यामुळे आहे ती गाडी दुरुस्त करत चालवायची, हाच धर्म. त्यात पेट्रोल महागलेलं. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं आणि तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. ते पचतंय तोवर १९७९ साली इराणात क्रांती, पुन्हा दर दुपटीच्या वर. अॅव्हरेज हा शब्द घराघरांत बोलला जाऊ लागला तो याच काळात, असं मला वाटतं.

आबांची वही होती. टाकी फुल केली की किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करून भागाकार. लिटरला बारा-साडेबारा पडायचं. त्या उन्हाळ्यात ते दहावर आलं, मग नऊवर.

गाडी चालवायला एक काका होते, विसरवाडीकडचे. आम्हा पोरांना प्रकाशाच्या पुलावर गाडी थांबवून तापी दाखवायचे. आबा त्यांना एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त रात्री टाकीत काठी घालून पेट्रोल मोजायला लागले आणि किल्ली उशाशी ठेवायला लागले. काका काय समजायचं ते समजले. पोळ्याला घरी गेले ते परत आलेच नाहीत. आजी म्हणाली, बरं झालं.

पुढच्या महिन्यात अॅव्हरेज आठवर आलं!

आता आबा स्वतःच गाडी चालवत होते. मग मिस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांचं काम बघत मी शेजारी उकिडवा बसलो होतो. आधी चौघे प्लग काढून ओळीनं मांडले. फिका तपकिरी रंग म्हणजे ठीक, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, कोरडी काजळी म्हणजे जास्त, ओली काळी म्हणजे तेल जळतंय. (तो शिसं घातलेल्या पेट्रोलचा जमाना. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं आलं आणि प्लगचे रंगही बदलले.) प्लग बरे निघाले. चोक पूर्ण मागे जातोय का, कारबोरेटर ओघळतोय का, तेही पाहिलं. मग चक्कर मारून आले आणि चारी ड्रमांजवळ हात नेला. एखादा ब्रेक धरून राहिला तर तेवढंच चाक तापतं. तेही नाही.

शेवटी त्यांनी ऑइलची पट्टी ओढली, पुसली, परत घालून काढली आणि नाकाजवळ नेली. पट्टी आबांपुढे धरली. तेलाला पेट्रोलचा वास, आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर.

या फियाटचा पेट्रोल पंप इंजिनाला लावलेला, आतून दांड्याच्या धक्क्यावर चालणारा. त्यात रबरी कापडाचा पडदा असतो. तो जुना होऊन चिरला की पेट्रोल कारबोरेटरकडे जातं तसं थोडं खाली इंजिनाच्या तेलातही झिरपतं. बाहेर जमिनीवर थेंब नाही, टाकीला भोक नाही. आणि आबा तर गेले चार महिने सगळ्यांना अभिमानानं सांगत होते, आपली गाडी जुनी आहे पण तेल खात नाही!

पडदा बदलला, पातळ झालेलं तेल ओतून नवं भरलं. अॅव्हरेज बारावर आलं.

भाच्याला एवढंच सांगितलं, की तुझ्या गाडीला असा पंप नाही, पण पट्टीचा वास घ्यायला पैसे पडत नाहीत. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. त्यात उष्णता पेट्रोलच्या दोनतृतीयांशच, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या मानानं सहा-सात टक्के घट धरूनच चाल. त्याहून जास्त असेल तर टायरची हवा, ब्रेक, एअर फिल्टर बघ. पंपवाल्याचं नाव सगळं बघून झाल्यावर घे. तो हसला.

आबांची वही माझ्याकडे आहे. त्या आठवड्याच्या पानावर पडदा, तेल, मिस्त्रींची मजुरी असं सगळं लिहिलंय. खाली आणखी एक नोंद आहे: एस.टी. भाडे, विसरवाडी, जाऊन येऊन. दारात गाडी दुरुस्त उभी असताना ते एस.टी.नं गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. काका तोवर सुरत रस्त्यावर ट्रक चालवायला लागले होते, एवढंच नंतर कानावर आलं. पुढच्या पानापासून वहीत किलोमीटर आहेत, लिटर आहेत, भागाकार मात्र केलेला नाही.