अरण्यांतील मुलगा आणि मादाम गेरँ

इ. स. १८०० च्या जानेवारी महिन्यांत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा सांपडला. अंगावर फाटक्या सदऱ्याखेरीज वस्त्र नाहीं, मुखांत शब्द नाहीं, आणि सर्वांगावर जुन्या जखमांचे व्रण. त्याच वर्षीं त्याला पॅरिस येथें आणून मुक्या-बहिऱ्यांच्या राष्ट्रीय विद्यालयांत ठेवण्यांत आलें. अरण्यांत वाढलेला हा निसर्गपुत्र पाहावयास शहर लोटलें. दिसला तो मात्र मळकट, चावरा, एकसारखा अंग डोलवीत बसणारा पोर. कुतूहल ओसरलें व लोक आपापल्या घरीं गेले.

पिनेल हे त्या काळचे मनोविकारांचे थोर वैद्य होते. वेड लागलेल्यांस माणुसकीनें वागवावें, असा त्यांचा आग्रह असे. पण त्यांनींही हा मुलगा मूढ असून सुधारण्याजोगा नाहीं, असें निदान केलें. त्याच विद्यालयांतील तरुण डॉक्टर इतार यांस तें पटलें नाहीं. मनुष्याच्या सहवासावांचून या मुलाची बुद्धि सुप्त राहिली असावी, असें त्यांचें मत होतें. त्यांनीं मुलाचें नांव व्हिक्टर ठेविलें व शिक्षणास आरंभ केला. मुलाचें न्हाणें, खाणें, निजणें व फिरणें हें सर्व मादाम गेरँ नांवाच्या बाईंकडे सोंपविण्यांत आलें.

इतार यांची मोठी आकांक्षा ही कीं, मुलानें बोलावें. पुष्कळ खटपटीनंतर त्याच्या तोंडून दुधासाठीं असलेला फ्रेंच शब्द 'ले' बाहेर पडला. परंतु दूध मागण्यासाठीं तो शब्द वापरीना. दूध पेल्यांत पडलें म्हणजे आनंदानें उच्चारी. गुरूची निराशा झाली. बाईंबरोबर तो नित्य फिरावयास जाई, व वेधशाळेच्या बागेजवळील एका गृहस्थाकडे त्याला दूध मिळत असे. एके दिवशीं कोणी न सांगतां त्यानें त्या शब्दाचीं चार अक्षरें खिशांत घातलीं आणि तेथें पोंचतांच मेजावर ओळीनें मांडलीं. जिभेला न साधलेली मागणी त्याच्या हातांनीं केली.

पुढें व्हिक्टर एकदां पळून गेला. शिपायांनीं पकडून त्याला तुरुंगांत ठेविलें. पंधरा दिवसांनीं बाई न्यावयास आल्या, तेव्हां त्यांना पाहून तो क्षणभर मूर्च्छित झाला. बाईंनीं जवळ घेतांच शुद्धीवर येऊन हर्षानें चीत्कारूं लागला.

याहून बोलका एक प्रसंग इतार यांनींच नमूद केला आहे. जेवणाचें मेज मांडण्याचें काम व्हिक्टरकडे असे. मादाम गेरँ यांचे पति वारल्यानंतरही त्यानें संवयीप्रमाणें त्यांचें ताट त्यांच्या जागीं मांडलें. तें पाहून बाईंस रडूं कोसळलें. मुलाच्या ध्यानांत आलें. त्यानें तें ताट निमूटपणें उचलून फडताळांत ठेविलें व पुन्हां कधींही मांडलें नाहीं. ज्यास मूढ ठरविलें होतें, त्यानें दुसऱ्याचें दुःख एकाही शब्दावांचून ओळखलें. ही शक्ति पाठांतून आली कीं सहवासांतून, हें कोण सांगणार? परंतु ती प्रथम प्रकट झाली ती पाटीपुढें नव्हे, जेवणाच्या मेजापाशीं.

सुमारें पांच वर्षांनीं इतार यांनीं तो प्रयोग थांबविला. व्हिक्टर बोलूं लागला नाहीं. प्रयोग वायां गेला असें मात्र नाहीं. इतार यांचे शिष्य सेगँ यांनीं त्याच मार्गानें मंदबुद्धि मुलांसाठीं इंद्रियशिक्षणाची पद्धति रचिली. डॉ. माँटेसरी यांनीं या दोघांचे ग्रंथ स्वहस्तें उतरून काढले आणि १९०७ सालीं रोम येथें आपलें बालगृह उघडलें. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या; त्यापूर्वींच गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं त्यांच्या विचारांचा येथें प्रसार केला होता. आपल्या बालवाड्यांतून मुलें मणि ओवतात, ठोकळे रचतात. त्या साधनांच्या वंशावळींत व्हिक्टरचीं तीं चार अक्षरेंही आहेत.

आज कित्येक अभ्यासक म्हणतात कीं, व्हिक्टर स्वमग्न असावा; कदाचित् त्या भिन्नपणामुळेंच त्याला टाकून दिलें गेलें असेल. निदानें बदलतात. परंतु पिनेल यांनीं त्याला काय येत नाहीं तें पाहिलें, इतार यांनीं काय यावें तें पाहिलें, आणि बाईंनीं काय येतें तें पाहून त्याच्याशीं संसार केला. इतार यांनींही मोठ्या मनानें आपल्या अहवालांत बाईंचा मातेसारखा धीर व जाणत्या शिक्षकाची समज यांची वाखाणणी केली आहे.

प्रयोग संपला तरी मुलगा उरला होता. मादाम गेरँ त्याला घेऊन विद्यालयाजवळच्या एका बोळांतील लहानशा घरांत राहिल्या. सरकार त्यांस वर्षाला १५० फ्रँक देत असे. १८२८ सालीं व्हिक्टर त्याच घरीं वारला. इतार यांचा शेवटचा अहवाल १८०६ चा. त्यानंतरचीं बावीस वर्षें रोज कोणीतरी त्याच्यासाठीं चूल पेटविली, त्याचे कपडे धुतले, त्याच्या खुणा जाणल्या. शिक्षणाच्या इतिहासांत या कामास अध्याय नाहीं. पण अशा मुलांच्या घरोघरीं तें आजही पहांटेपासून चालूं असतें.