विषयाचा आवाका आणि १८९१ चे काही महिने

'एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीतील स्त्रीचित्रण : एक चिकित्सक अभ्यास' हा मथळा आम्हांला या ना त्या रूपात दरवर्षी भेटतो. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून (१८५७) पुढचे सारे त्यात मावते, आणि म्हणूनच हाती काही लागत नाही. आवाका कमी करा म्हटले की शतकाच्या जागी लेखकाचे नाव येते : 'हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांतील स्त्री'. पाने कमी होतात. प्रश्न अजून जन्मलेलाच नसतो. ('चिकित्सक' हे विशेषण मात्र जागचे हलत नाही.)

'पण लक्षांत कोण घेतो?' हीच कादंबरी घेऊ. आज ती आपण सलग पुस्तक म्हणून वाचतो. परंतु तिचे पहिले वाचक ती तुकड्यातुकड्याने वाचत होते, हरिभाऊंनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' या साप्ताहिकात. त्याच सुमारास संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात रणे माजली होती. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला आणि संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. म्हणजे यमुनेचे आत्मकथन वाचणाऱ्याच्या हाती त्याच आठवड्यात 'केसरी' किंवा 'सुधारक'ही असू शकत होता.

येथे प्रश्न आकार घेऊ लागतो : विधेयकावर वाद चालू असताना छापून आलेल्या प्रकरणांत त्या वादाचे पडसाद आहेत काय? साधने ठरली, काही महिन्यांचे अंक. कालमर्यादा ठरली. उत्तर चुकण्याची शक्यताही निर्माण झाली, आणि ती नसेल तर संशोधन कसले?

घाईने 'होय' म्हणण्याचा मोह येथे मोठा आहे. विधेयक होते विवाहित मुलींच्या शरीरसंबंधाच्या वयाविषयी; यमुनेच्या कहाणीचा सर्वांत दाहक भाग आहे विधवेच्या केशवपनाचा. बालविवाह दोहोंच्या मुळाशी असला, तरी एवढ्यावरून कादंबरीला विधेयकाची कैफियत ठरवता येणार नाही. उलट, त्या अंकांत वादाचा मागमूसही न सापडला तर विषय फसला असे आम्ही मानणार नाही. साऱ्या शहराच्या तोंडी असलेली गोष्ट एका सुधारणावादी संपादकाने आपल्या पत्राबाहेर का ठेवली असेल? 'करमणूक' हे नाव त्याने उगाच निवडले नसावे.