सभागृह बंद होतं तेव्हा

नागपूरच्या एका ग्रंथालयात जुन्या दैनिकांच्या बांधीव फायली आहेत. कागद असा ठिसूळ झालाय की पान उलटताना दोन्ही तळवे खाली घालून उचलावं लागतं. जानेवारी १९४३ ची फाईल बघत होते. ५ तारखेचा अंक झाला, त्याच्यामागे ६ तारखेचा नाही. आधी वाटलं, बांधणाऱ्याकडून राहिला. शिवण बोटाने चाचपून पाहिली. पान फाटल्याची कुठे खूण नव्हती. मग लक्षात आलं, हा अंक हरवलेला नाही, निघालेलाच नाही. ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या कितीतरी वृत्तपत्रांनी हरताळ पाळून अंक बंद ठेवला होता. निमित्त होतं आमच्या वर्धा जिल्ह्यातलं. सेवाग्रामात एक माणूस दोन महिने उपाशी होता, आणि त्याची बातमी छापायची नाही असा सरकारचा हुकूम होता.

मी आष्टीची. नकाशावर आता 'आष्टी शहीद' लिहितात, ते गाव. शाळेत इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. पाठ्यपुस्तकात चिमूर-आष्टीला मिळायच्या दोन ओळी, तेवढ्यावर मुलांना पुढच्या धड्याकडे न्यायला माझं मन कधी घेत नसे. कारण त्या दोन ओळींत गोळीबार येतो, हुतात्मे येतात, पण त्यानंतर सरकारला जाब विचारायचा जो झगडा झाला, तो येत नाही.

१६ ऑगस्ट १९४२, रविवार, नागपंचमी. आदल्याच दिवशी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई वारले होते. माझी आजी तेव्हा चौदा वर्षांची. आमच्याकडे नागपंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत, विळी हातात धरत नाहीत, काही चिरायचं नाही, काही भाजायचं नाही. आजी सांगायची, "त्या दिवशी आमी भाजी नाई चिरली बाई, अन् ठाण्यापाशी मानसं पडली." 'छोडो भारत'चा मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला, गोळ्या सुटल्या, माणसं मेली, आणि चिडलेल्या जमावाने फौजदारासह पोलिसांना ठार केलं. तिकडे चांदा जिल्ह्यात चिमूरलाही त्याच दिवशी तेच झालं, तिथेही सरकारी अधिकारी मारले गेले. मी हे वर्गात कधी लपवलं नाही. मेलेल्या शिपायांच्या घरीही बायकापोरं होती.

खुनांचा तपास व्हायलाच हवा होता. पण चिमूरला त्या तपासाच्या जोडीने फौज आली. गावातले पुरुष धरून नेले, घरं लुटली गेली आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. रमाबाई तांबे, विमलाबाई देशपांडे अशा नागपूरच्या बायका सप्टेंबरात तिथे गेल्या, घराघरात बसल्या, त्या बायकांचं ऐकून आल्या. हिंदू महासभेचे डॉ. मुंजेही जाऊन आले. मागणी एकच होती: निःपक्ष चौकशी करा. मध्यप्रांताचे गव्हर्नर सर हेन्री ट्वाइनम यांच्या सरकारने आरोप खोटे ठरवले आणि चौकशी नाकारली.

इथे दोन प्रश्न होते, आणि ते वेगळे होते. पोलिसांना कुणी मारलं, हा एक. पोलिसांनी आणि फौजेने काय केलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शोधायला सरकारकडे माणसं होती, बंदुका होत्या, खास न्यायालयं होती. दुसरा विचारला की पहिल्याकडे बोट दाखवायचं, हे सरकारचं धोरण. तपास चाललेला आहे, खटले उभे राहायचे आहेत, आणि तुम्ही मारेकऱ्यांची बाजू घेऊन पोलिसांना बदनाम करता.

मग विचारायचं कुठे? मध्यप्रांत-वऱ्हाडची विधानसभा ११२ सभासदांची होती. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून ती थंड पडलेली. १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ खाली सगळा कारभार गव्हर्नरच्या हातात. स्थगन प्रस्ताव नाही, तारांकित प्रश्न नाही, उत्तर द्यायला उभा राहणारा गृहमंत्री नाही. सभापती घनश्यामसिंह गुप्तांची खुर्ची होती, समोर सभा नव्हती.

दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळ चालू होतं, पण काँग्रेसची बाकं रिकामी. तरी के. सी. नियोगी यांनी १९४२ च्या सप्टेंबरात तिथे पोलीस आणि फौजेच्या अतिरेकांची चौकशी करायला समिती नेमा, अशी मागणी मांडली. सरकारच्या बाजूने गृहसदस्य सर रेजिनाल्ड मॅक्सवेल होते. समिती नेमली गेली नाही. आणि त्या सभागृहाचे नेते कोण होते? आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. वऱ्हाडातला माणूस सरकारच्या बाकावर बसलेला, आणि चिमूर त्यांच्या गावापासून फार दूर नाही.

म्हणूनच जयकृष्ण भन्साळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला सेवाग्रामहून उठून दिल्लीला थेट त्यांच्या बंगल्यावर गेले. हे भन्साळी गुजरात विद्यापीठात प्राध्यापक होते, पुढे सगळं सोडून भटकले, वर्षानुवर्षं मौन पाळलं, बोलणं होऊ नये म्हणून तारेने ओठ शिवून घेतले, कच्चं पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन राहिले. असा माणूस अण्यांना सांगत होता: तुम्ही सरकारात आहात, चिमूरला चला, डोळ्यांनी पाहा, चौकशी करायला लावा. अण्यांनी अडचण सांगितली. भन्साळींनी त्यांच्या दारातच अन्न सोडलं. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला आणून सोडलं. ते पायी चिमूरला निघाले, साठेक मैलांची वाट. पोलिसांनी धरून परत आणलं. ११ नोव्हेंबरपासून मग उपास सुरू झाला.

सेवाग्राम तेव्हा रितं होतं. गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत, जाणते कार्यकर्ते तुरुंगात. गांधीजींनी भन्साळींशी संपर्क साधू द्या असं सरकारला लिहिलं, ते नाकारलं गेलं. आणि मग मध्यप्रांत सरकारने चिमूर आणि भन्साळी या दोन्ही गोष्टी छापायलाच बंदी घातली. मला यातलं सगळ्यात मोठं पाप हेच वाटतं. सभागृह आधीच बंद. आता वर्तमानपत्राचं पानही बंद. संपादकांच्या परिषदेने ठरवलं की नववर्षाची सरकारी मानकऱ्यांची यादी छापायची नाही, सरकारी पत्रकं छापायची नाहीत, आणि ६ जानेवारीला अंकच काढायचा नाही. त्या फाईलीत जी जागा रिकामी आहे, ती माझ्या मते त्या काळी या प्रांताला मिळालेली एकमेव लक्षवेधी सूचना.

शेवटी मध्यस्थी केली कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. ना. भा. खरे यांनी. खरे म्हणजे तेच, ज्यांना जुलै १९३८ मध्ये याच वर्ध्याला काँग्रेसश्रेष्ठींनी मुख्यमंत्रिपदावरून खाली खेचलं होतं. साडेचार वर्षांनी ते त्याच सेवाग्रामात एका उपाशी माणसाचा जीव वाचवायला आले. राग विसरून आले की नाही ते त्यांनाच माहीत, पण आले. १२ जानेवारी १९४३ ला, त्रेसष्टाव्या दिवशी, भन्साळींनी उपास सोडला. बातम्यांवरची बंदी उठली. चिमूरच्या स्त्रियांच्या अब्रूला कमीपणा आणायचा सरकारचा हेतू नव्हता, अशा अर्थाचं निवेदन झालं. निःपक्ष चौकशी मात्र झाली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

अण्यांनी पुढच्याच महिन्यात, गांधीजींच्या एकवीस दिवसांच्या उपासात, कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. त्यांच्या जागी गेले ते डॉ. खरेच.

इकडे पहिल्या प्रश्नाचं काम जोरात चाललं. चिमूर-आष्टीचे खटले खास न्यायालयांपुढे चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. १९४३ च्या जूनमध्ये फेडरल कोर्टाने त्या न्यायालयांचा वटहुकूमच अवैध ठरवला, तर सरकारने लगोलग दुसरा वटहुकूम काढून शिक्षा राखल्या. फासावर जाणाऱ्यांना वाचवायला ज्यांनी जिवाचं रान केलं त्यात अनसूयाबाई काळे होत्या. त्या बंद पडलेल्या विधानसभेच्या उपसभापती. सभागृह नव्हतं, तरी त्यांनी आपलं काम सोडलं नाही. १९४५ साली व्हाइसरॉय वेव्हेल यांनी उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या.

आता सभागृहं उघडी आहेत. १९७४ मध्ये आयात परवाना प्रकरणात मधू लिमये, मधू दंडवते यांनी सीबीआयचा अहवाल पटलावर ठेवा म्हणून लोकसभा दणाणून सोडली, तेव्हा त्यांना विचारायला जागा तरी होती. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या सुरक्षेत चूक झाली, गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून विरोधक हौद्यात उतरले, आणि दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ खासदार निलंबित झाले. चौकशी सुरू आहे, असं सरकारचं म्हणणं. दर डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बातम्या मी लावते, आणि "तपास चालू आहे" हे शब्द आले की माझा हात जागीच थांबतो. तपास चालू असताना सगळं सांगता येत नाही हे मला कळतं. साक्षीदाराचं नाव, पुराव्याची दिशा झाकून ठेवावी लागते. पण तुमच्या माणसांनी काय केलं, तुम्ही कुठे होता, याचं उत्तर द्यायला कुठल्या पंचनाम्याची वाट बघावी लागत नाही.

मी नोकरीला लागले त्या वर्षी आजीला चिमूरच्या बायकांबद्दल विचारलं होतं. ती ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिने एक खडा काढला, उंबऱ्यापाशी ठेवला. दुसरा काढला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सांगतलं होतं न त्याहीनं. सरकारनं कुठी लिवून घेतलं?" आणि पुन्हा सुपात बघायला लागली.